हिवाळ्यात बांधायला विमानाचं कोणतं किट घ्यावं?

निळाई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस फोमचं तयार ट्रेनर, म्हणजे रिमोटवरचं शिकाऊ विमान उडवतेय. चार चॅनल, एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या), सगळं हाताला बसलंय. पण आता दिवस लहान झालेत आणि मैदानावर बोटं गारठून ट्रान्समीटरच्या स्टिकवर राहत नाहीत. तेव्हा थंडी सरेपर्यंत घरात बसून बाल्साचं एक किट बांधावं म्हणते. विमानं दुरुस्त केलीत, पण लाकडातून एखादं उभं केलेलं नाही.

जागा म्हणाल तर १२० बाय ६० सेंटीमीटरचं एक टेबल. ते ज्या खोलीत आहे तिथेच झोपायचंही असतं. रोज संध्याकाळी तास-दीड तास मिळेल. विमान इलेक्ट्रिकच हवं, उडवायला गवताचं मैदान आहे.

यादीत चार प्रकार आहेत: दोन मीटरचं ग्लायडर, टेलिमास्टर किंवा कॅडेटच्या धाटणीचं वर पंख असलेलं निवांत विमान, पायपर कब, आणि स्पिटफायर. डोकं दुसऱ्याकडे ओढतंय, मन चौथ्याकडे. कुणी काय बांधलंय, आणि माझ्या जागी काय घेतलं असतं?

खटपट्या
पहिलंच किट आणि स्पिटफायर! मी पुढची खुर्ची पकडून बसतो. सीजीवाले काका येतीलच इतक्यात.

सीजीवाले काका
आलो.

निळाईताई, स्पिटफायर देखणं आहे याबद्दल वाद नाही. पण ज्या पंखामुळे ते देखणं दिसतं, तोच पंख बांधणाऱ्याचा घाम काढतो. लंबवर्तुळाकार पंखात प्रत्येक रिब (पंखाला आकार देणारी फळी) वेगळ्या मापाची. पुढची कड वाकडी, मागची कड वाकडी, त्यामुळे सरळ पट्टी टेकवून काही तपासायची सोयच नाही. त्यात पंखाला पीळ द्यावा लागतो. खऱ्या स्पिटफायरमध्ये मुळाशी अधिक २ अंश आणि टोकाशी उणे अर्धा अंश असा अडीच अंशांचा पीळ होता. वेग कमी झाला की पंखाचं टोक आधी स्टॉल होऊ नये (त्याची उचल आधी संपू नये), मुळापासून सुरुवात व्हावी, यासाठी. छोट्या मॉडेलमध्ये टोकाची रुंदी इतकी कमी उरते की तिथली हवा आणखी लवकर साथ सोडते. म्हणजे पीळ दोन्ही बाजूंना अगदी सारखा हवा. डावीकडे दोन अंश आणि उजवीकडे एक झाला, तर उतरताना विमान नेमकं एका बाजूला कोसळणार.

वजनाचंही बघा. १.२ मीटर पंखांचं स्पिटफायर धरलं तर पंखाचं क्षेत्रफळ साधारण २५ चौरस डेसिमीटर भरतं. वजन १.६ किलो झालं तर दर चौरस डेसिमीटरला ६० ग्रॅमच्या वर भार. दीड मीटर लांब, पाव मीटर रुंद साध्या आयताकृती पंखावर १.८ किलोचं विमान घ्या, भार ४८ येतो. जास्त वजनाचं विमान कमी भाराने उडतंय. त्यात स्पिटफायरचं नाक आखूड, म्हणून पुढे शिसं भरावं लागतं. चाकं जवळजवळ, म्हणून गवतावर ते कुशीवर लोळतं.

दुसरं किट म्हणून घ्या. पहिलं नको.

थर्मलवेडी
काकांशी सहमत, पण मग टेलिमास्टर तरी कशाला? ग्लायडर घ्या.

दोन मीटर ग्लायडर हिवाळ्यात बांधण्याचं खरं सुख असं की ते संपतं. ना काउल (नाकावरचं मोटरचं झाकण), ना चाकं, ना खिडक्या. जेंटल लेडीसारख्या डिझाइनमध्ये एलेरॉनसुद्धा नाहीत. पंखाला तुटक चढ दिलेला असतो, त्यामुळे रडर (शेपटीचं उभं सुकाणू) दिलं की विमान आपोआप कलतं. दोन सर्व्हो (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरी), एक रिसीव्हर. पूर्वी रबर आणि दोरीने वर खेचायचे, आता नाकात छोटी मोटर आणि मिटणारा प्रॉपेलर बसवतात. थंडी सरून ऊन तापायला लागलं की थर्मल (वर चढणारे गरम हवेचे झोत) सुरू होतात, म्हणजे विमान तयार व्हायला आणि हवा तयार व्हायला एकच मुहूर्त.

शिवाय पंख तीन-चार तुकड्यांत बांधून मग जोडतात. १२० सेंटीमीटरच्या टेबलावर दोन मीटरचा पंख आरामात होतो.

दुपंखी
मी इथे सगळ्यांच्या विरोधात बोलणार आहे.

हिवाळ्यात सुरू केलेली किटं अवघड होती म्हणून अर्धवट राहत नाहीत, कंटाळवाणी होती म्हणून राहतात. सोपं म्हणून घेतलेली कितीतरी ट्रेनर अर्ध्या पंखानिशी खोक्यात परत गेलेली मी पाहिलीत. कारण बांधणाऱ्याला ते विमान कधी हवंच नव्हतं. 'आधी हे करा, मग तुमच्या आवडीचं' असं दुसऱ्यांनी सांगितलं म्हणून घेतलेलं असतं. उलट एका मित्राचं पहिलंच किट टायगर मॉथ होतं. दोन पंख, मधल्या दांड्या, तारा. त्याला वेळ प्रचंड लागला, पण रोज रात्री तो टेबलाकडे ओढला जायचा.

मन चौथ्यावर असेल तर चौथं घ्या. मात्र १.२ मीटरच्या आतलं नको, मोठं घ्या. १/८ मापाचं स्पिटफायर १.४ मीटरचं होतं, पंखाचं क्षेत्रफळ ३५ चौरस डेसिमीटरपर्यंत जातं आणि काकांचं अर्धं गणित सुटतं.

सीजीवाले काका
गणित सुटतं, पीळ सुटत नाही. तुमच्या मित्राचं टायगर मॉथ उडालं का, ते सांगा.

दुपंखी
उडालं. उतरवलं दुसऱ्याने. :)

खटपट्या
=))

गुण्या
वाद चालू द्या, मी खोक्यात काय येतं ते सांगतो. नवीन माणूस विमान बघून किट घेतो आणि प्लॅन नंतर उघडतो. आधी प्लॅन बघा. बहुतेक उत्पादक सूचनापुस्तिका मोफत उघडी ठेवतात. ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. वाचताना जिथे 'हे कसं करायचं?' असं तीनदा वाटलं, ते किट पहिलं नाही.

दुसरं, 'किट' नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पूर्ण किटमध्ये कापलेले भाग, पट्ट्या, पत्रे, बिजागऱ्या, चाकांची तार, सगळं असतं. शॉर्ट किटमध्ये फक्त रिब आणि फॉर्मरसारखे (धडाच्या आडव्या चौकटी) कापायला किचकट भाग; स्पार (पंखाचे लांब कणे), पंखाच्या कडा, शीटिंग (वरून चढवायचे पातळ पत्रे) तुम्ही आणायचं. एआरएफ म्हणजे बांधून, कव्हर करून आलेलं, तुम्ही नुसतं जोडायचं. स्वस्त दिसलं म्हणून शॉर्ट किट घेतलेले लोक आठवडाभर लाकूड शोधत फिरतात.

तिसरं, कापण्याची पद्धत. जुनी किटं साच्याने दाबून कापलेली. साचा बोथट झालेला असेल तर बाल्सा कापला जात नाही, चिरडतो, आणि रिबची कड कुरतडल्यासारखी निघते. लेझरने कापलेले भाग अचूक बसतात, फक्त कड जळून काळी झालेली असते. त्या काजळीवर गोंद नीट धरत नाही, म्हणून जोडाच्या जागी बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवायचा. एकदाच. जास्त घासलात तर अचूकपणा भुशात गेला.

१२० सेंटीमीटरच्या टेबलावर ताईंना ६०-६५ सेंटीमीटरचे दोन अर्धे पंख सहज मांडता येतील. पण टेबलाचा पृष्ठभाग खरंच सपाट आहे का ते पट्टी उभी धरून बघा. टाचण्या शिरतील असा मऊ बोर्ड वर ठेवा, त्याच्यावर प्लॅन, प्लॅनवर मेणकागद. आणि एक चांगला गुण्या घ्या. (नाव उगाच नाही घेतलं.)

भुसाळ
गुण्याभाऊंनी लाकडाचा विषय अर्धाच सोडला, पुढचा मी घेतो.

बाल्सा म्हणजे बाल्सा, असं नसतं. एकाच झाडाच्या जातीत घनता दर घनमीटरला १०० किलोपासून २०० च्याही वर जाते. एक मीटर लांब, १० सेंटीमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड पत्रा वजनकाट्यावर ठेवा. ३० ग्रॅम भरला तर हलका, ६० ग्रॅम भरला तर जड. दिसायला दोन्ही सारखेच. खोकं उघडल्यावर पहिलं काम म्हणजे प्रत्येक पत्रा आणि पट्टी तोलायची आणि पेन्सिलीने वजन लिहायचं. जड पट्ट्या स्पारला, हलक्या शेपटीला. शेपूट सीजीपासून (विमानाच्या तोलाच्या बिंदूपासून) लांब असते, त्यामुळे तिथे वाढलेला प्रत्येक ग्रॅम नाकात दोन-तीन ग्रॅम शिसं मागतो.

तंतूंची दिशासुद्धा बघा. काही पत्रे आडवे सहज वाकतात, ते गोल कडेवर चढवायला. काहींवर माशाच्या खवल्यांसारखी चकाकणारी नक्षी दिसते, ते आडवे वाकवायला गेलं की तडकतात. पण ताठ असतात, म्हणून रिबला उत्तम. किटमध्ये चुकीच्या जागी चुकीचा पत्रा आलेला असतो कधीकधी. बदलायला लाजू नका.

डब्यातला वैमानिक
अवांतर होईल, पण कुणीच प्लॅस्टिकचं नाव घेत नाहीये म्हणून राहवलं नाही. झोपायच्या खोलीत टेबल, मन स्पिटफायरवर, रोज तास-दीड तास. ताई, १/४८ चं स्पिटफायर घ्या की! पीळ कारखान्यानेच दिलेला असतो.

१/७२ हे माप कुठून आलं माहितीये? एक इंच म्हणजे सहा फूट, म्हणजे उभा माणूस साधारण एक इंचाचा. १९३६ साली फ्रॉग कंपनीने पेंग्विन मालिकेची किटं या मापात काढली. महायुद्धात शत्रूचं विमान ओळखायला शिकवणारी मॉडेलंही याच मापाची होती. एअरफिक्सचं पहिलं विमान-किट १९५३ चं, तेही १/७२ चं स्पिटफायर. त्यावर बीटी-के अशी चुकीची अक्षरं छापली गेली होती, त्यासाठी ते आजही संग्राहकांत प्रसिद्ध आहे.

सीजीवाले काका
छान माहिती. पण ते उडत नाही.

डब्यातला वैमानिक
आणि म्हणून पडतही नाही. माझी सगळी विमानं शाबूत आहेत, तुमची किती आहेत?

खटपट्या
काका, हा बसला.

पीळदार
डबेवाल्यांचं अवांतर, मग माझंही एक. रबराचं विमान बांधा!

१८७१ साली आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या त्विलेरी बागेत पिळलेल्या रबरावर चालणारं मॉडेल उडवलं. जेमतेम ११ सेकंद हवेत होतं, पण आपोआप स्थिर राहिलं. राइट बंधू लहान असताना वडिलांनी त्यांना जे उडतं खेळणं आणून दिलं होतं, तेही पेनोच्याच रबरी यंत्रणेचं. आपण सगळे त्या रबराचे वंशज आहोत.

मुद्द्यावर येतो. गिलोजसारखी छोटी किटं किंवा 'पीनट' वर्गातलं, म्हणजे पंख १३ इंचांच्या आत असलेलं मॉडेल, यात काड्या, रिब, फॉर्मर, प्लॅन, टाचण्या हे सगळं मोठ्या किटसारखंच असतं, फक्त बोटाएवढं. मोठ्या किटच्या आधी असं एक केलंत तर टाचणी कुठे टोचायची, गोंद किती लावायचा हे हाताला कळतं. बिघडलं तरी फार काही जात नाही.

गुण्या
पीळदार यांचा हेतू चांगला, पण एक धोका आहे. पीनट लहान म्हणून सोपं नसतं. दीड मिलिमीटरच्या काड्या हातात मोडतात आणि अर्धा ग्रॅम जास्त झाला तरी उडत नाही. बांधकामाचा सराव म्हणून ठीक. 'हे उडेल आणि मग मोठं घेईन' अशी अट घालू नका.

निळाई
बाप रे, एका दिवसात इतके प्रतिसाद! सगळे वाचले. पुस्तिका वाचायचा सल्ला लगेच अमलात आणला. स्पिटफायरच्या पुस्तिकेत 'हे कसं करायचं?' असं पंखाच्या प्रकरणातच चौथ्यांदा वाटलं. नंतर मोजणं सोडलं.

एक व्यावहारिक शंका. खिडक्या बंद, खोली तीच. गोंदाचा आणि डोपचा (कागदी कव्हर ताणून बसवणाऱ्या वार्निशचा) वास किती त्रास देतो? घरात आणखी माणसं आहेत आणि त्यांना विमानाशी काही देणंघेणं नाही.

थर्मलवेडी
डोप बंद खोलीत अजिबात नको. वासाचा प्रश्न नंतरचा, त्यातलं द्रावक पेट घेतं. खोलीत हीटर चालू असेल तर विषयच संपला. टिश्यू आणि डोपचं काम करायचंच असेल तर पाण्यात विरघळणारे पर्याय मिळतात, नाहीतर उबदार दिवसाची वाट बघा.

गोंदासाठी पिवळा अ‍ॅलिफॅटिक रेझिन घ्या. वास जवळपास नाही, आणि वाळल्यावर घासताना लाकडाबरोबर घासला जातो.

खटपट्या
आणि वाळायला युगं लागतात. मी सगळं सीएने (झटपट धरणाऱ्या सुपरग्लूने) करतो. टाचणी, थेंब, पुढची रिब. एका संध्याकाळी अर्धा पंख.

गुण्या
आणि सीएचा जोड काचेसारखा कडक. घासायला गेलं की बाजूचा बाल्सा खाली जातो आणि जोडाची रेघ वर राहते. वर चकचकीत फिल्म चढवली की ती रेघ लांबूनही दिसते. शिवाय सीएचा धूर डोळ्यांना झोंबतो. काही जणांना वर्षानुवर्षं वापरल्यावर अ‍ॅलर्जी होते, आणि मग एक थेंबसुद्धा चालत नाही. झोपायच्या खोलीत नको.

थंडीतली आणखी एक गंमत. सीए हवेतल्या ओलाव्याने धरतो. हीटरने खोली कोरडी झालेली असेल तर तो रेंगाळतो, आणि आपण वैतागून आणखी ओततो. इपॉक्सीचं वेगळंच: 'पाच मिनिटांचा' इपॉक्सी गारठ्यात पाच मिनिटांत हलतसुद्धा नाही. बाटल्या आधी उबदार जागी ठेवा. फायरवॉलला मात्र संथ धरणारा, अर्ध्या तासाचाच इपॉक्सी वापरा. मोटर तिथे लटकणार आहे.

खटपट्या
रोज तास-दीड तासच आहे त्यांना. जोड लावून झोपायचं, सकाळी वाळलेला. पिवळा गोंद चालेल. मानलं.

भुसाळ
खटपट्याने 'मानलं' म्हटलंय. तारीख लिहून ठेवा.

कव्हरिंगचं सांगून ठेवतो, कारण तेही हिवाळ्यातच होणार. इस्त्रीने चिकटवायची फिल्म घ्या, वास नाही. ओराकव्हर कमी उष्णतेवर चिकटते, मोनोकोटला जास्त लागते. पहिल्यांदा करताना कमी उष्णतेची फिल्म हाताला सोपी जाते. पण गडद रंग उन्हात तापतो, फिल्म प्रसरण पावते, आणि मैदानावर पोचेपर्यंत पंखावर सुरकुत्या उठतात. घाबरू नका, पुन्हा इस्त्री फिरवली की जातात. मात्र फिरवताना पंख सपाट बोर्डवर वजनाखाली धरा, नाहीतर सुरकुती जाते आणि पीळ येतो. सीजीवाले काका पीळ शोधायला बसलेच आहेत.

आणि घरातली कपड्यांची इस्त्री घेऊ नका. मॉडेलसाठी छोटी वेगळी मिळते. घरात शांतता राहते.

जुनाजाणता
इतका वेळ टेलिमास्टरची बाजू कुणीच घेतली नाही. ही साठच्या दशकातली जर्मन रचना आहे. सीनियर टेलिमास्टरचा पंख ९४ इंच, म्हणजे जवळजवळ २.४ मीटर. बहुतेक विमानांची शेपूट खाली दाब देते. टेलिमास्टरच्या शेपटीला पंखासारखा फुगीर आकार आहे, ती वर उचलते. त्यामुळे मोटर वाढवली-कमी केली की त्याचं वागणं जरा निराळं असतं, सवय करावी लागते. एकदा सवय झाली की चालण्याच्या वेगाने उतरवा. पण सीनियरचा अर्धा पंख १२० सेंटीमीटरचा. टेबलावर कडेपासून कडेपर्यंत. त्यापेक्षा सिगचं कॅडेट एलटी-४० बरं. पंख ७० इंच आणि जोडणी इतकी बिनचूक की धड स्वतःच चौकोनात बसतं. सध्या कुठलं किट उत्पादनात आहे ते मात्र घ्यायच्या आधी बघा. २०१८ मध्ये हॉबिको दिवाळखोरीत गेली आणि तिच्या छत्राखालची बरीच जुनी लोकप्रिय किटं दिसेनाशी झाली.

दुपंखी
कबबद्दल कुणी बोलेल का? पिवळं, गोंडस, सगळ्यांना आवडतं.

सीजीवाले काका
बोलतो. कब फसवं आहे. दिसायला ट्रेनर, पण एलेरॉन दिलं की नाक उलट बाजूला जातं, म्हणून प्रत्येक वळणावर रडर लागतं. शिवाय ते शेपटीच्या चाकावर चालणारं, धावताना सरळ ठेवायला पाय... म्हणजे अंगठा हवा. बांधायलाही वाटतं तितकं साधं नाही: उघडं सिलिंडर दिसणारं काउल, खिडक्या, पंखाचे तिरके टेकू. १/६ मापाचं साधारण १.८ मीटर होतं आणि ते फार छान उडतं, पण ताईंना नजाकत हवी असेल तरच. निवांतपणा हवा असेल तर नको.

रिब नंबर सात
बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितो. तुमच्या यादीत नसलेलं एक नाव सुचवू? स्टिक.

साठच्या दशकात फिल क्राफ्टने अग्ली स्टिक काढलं. नावातच कुरूप म्हटलेलं, त्यामुळे अपेक्षा कमी. धड म्हणजे चौकोनी खोका. पंख आयताकृती, मुळापासून टोकापर्यंत रुंदी एकच, म्हणजे सगळ्या रिब एकाच मापाच्या. एक रिब जरा वर-खाली बसली की ओळीत लगेच डोळ्यात खुपते, आणि गोंद वाळायच्या आत सरळ करता येते. पहिल्या किटमध्ये हेच शिकायचं असतं. प्रत्येक रिब वेगळी असेल तर चूक कुठे आहे ते कळतच नाही.

आणि ताईंना ट्रेनरच्या पुढचं काहीतरी हवंय, हे दुपंखींनी बरोबर ओळखलंय. कॅडेट बांधलंत तर आत्ता जे उडवताय तेच पुन्हा उडवाल. स्टिक सरळही उडतं, उलटंही उडतं, लूप-रोल सगळं करतं, आणि तरी उतरताना चावत नाही. दीड मीटरच्या आतबाहेरचं घ्या. अर्धा पंख टेबलावर बसतो आणि कडेला गोंदाच्या बाटलीलाही जागा उरते.

सीजीवाले काका
मला हे आधी का सुचलं नाही? पूर्ण सहमत.

थर्मलवेडी
मी ग्लायडरवर ठाम आहे. पण स्टिकला नाही म्हणवत नाही.

दुपंखी
काका आणि मी एकाच बाजूला, हा योग दुर्मिळ. माझी एकच अट: स्टिक रंगवताना मन मारू नका. फिल्म निवडायची मोकळीक पूर्ण तुमची.

निळाई
ठरलं. स्टिक घेतेय. लेझरने कापलेलं, पूर्ण किट, दीड मीटरच्या जरासं आत. पुस्तिका वाचली, एकदाच अडखळले, तेही एलेरॉनच्या जोडणीत. रंग वरून हिरवा-तपकिरी, खालून फिकट आकाशी, पंखावर ब्रिटिश गोल.

जुनाजाणता
स्टिकवर परंपरेने जर्मन काळे क्रॉस असतात, आणि तुम्ही त्याला आरएएफमध्ये, ब्रिटिश हवाई दलात भरती करताय!

डब्यातला वैमानिक
अक्षरं बीटी-के टाका. संग्राहक शोधत येतील.

निळाई
टाकणारच! :D आता कामाचं सांगा. खोकं येईपर्यंत काय जमवू? आणि सुरुवात कुठून करू, पंखापासून की धडापासून?

रिब नंबर सात
सुरुवात शेपटीपासून. सपाट असते, लहान असते, आणि टाचण्या-गोंद-घासणं हे सगळं तिच्यात एकदा होऊन जातं. मग पंख, शेवटी धड. वरच्या आणि खालच्या स्पारच्या मधल्या उभ्या पट्ट्या विसरू नका, आणि त्यांचे तंतू उभेच हवेत. पंखाची सगळी ताकद तिथे असते. आडवे लावले तर नुसतं वजन.

धड बंद करायच्या आधी सर्व्हो, मोटर, ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक) आणि बॅटरी हातात असू द्या. बॅटरी पुढे-मागे सरकेल अशी लांब जागा ठेवा, म्हणजे सीजी शिशाशिवाय जुळतो. पहिल्यांदा पंखाच्या रुंदीच्या पुढून २५ ते ३० टक्क्यांच्या आत ठेवा.

मोटरचा ढोबळ हिशोब किलोला २०० वॉटच्या आसपास. विमान दोन किलोच्या आत भरलं तर ४०० वॉटमध्ये मजेत उडेल, उभं चढवायचं असेल तर जास्त घ्या. आणि हो, फोमच्या विमानाच्या लायपो बॅटऱ्या हिवाळाभर पूर्ण भरून ठेवू नका, सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवा. नाहीतर विमान तयार आणि बॅटऱ्या फुगलेल्या.

भुसाळ
आणि वजनकाटा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. तो आधी घ्या, बाकीचं नंतर.

खटपट्या
टाचण्या दुप्पट घ्या. सांगितलेल्या संख्येच्या दुप्पट. झोपायची खोली तीच आहे ना? मग लोहचुंबकही घ्या.